नवीन ११० सीसी गाडी गरम झाली की रस्त्यातच बंद पडते, वॉरंटीत दुरुस्त करून कशी घ्यायची? नागपूरवाले सांगा

मानेवाडा_ते_बुटीबोरी
नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितोय पण पूर्ण वाचा. होळीच्या आधी नवीन बाईक घेतली, ११० सीसी, साधी कम्युटर. कंपनीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही, मला कोणाचं नाव खराब करायचं नाही, गाडी दुरुस्त होऊन पाहिजे. फायनान्सवर घेतली आहे, हप्ता दर महिन्याला कटतो.

मी बुटीबोरी एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला आहे, मानेवाड्यावरून रोजचं जाणं-येणं. सकाळी जाताना गाडी एकदम मस्त चालते. दुपारी शिफ्ट सुटल्यावर वर्धा रोडनी परत येताना वीस-पंचवीस मिनिटं झाली की अचानक बंद. झटके नाही, मिसिंग नाही, सरळ बंद. मागून ट्रक येऊन राहिले असतात, जामठ्याजवळ तर एकदा ट्रॅव्हल्सवाला अगदी घासून गेला. साइडला ढकलत न्यायची, पंधरा-वीस मिनिटं उन्हात उभं राहायचं, मग सेल्फ मारला की चालू, जसं काही झालंच नाही.

शोरूमला नेली की म्हणतात आम्ही चालवून बघितली, काही प्रॉब्लेम नाही, आणि धुवून परत देतात. एकदा म्हणाले पेट्रोल खराब आहे, एकदा म्हणाले नवीन गाडी आहे दोन सर्व्हिस होऊ द्या सेटल होईल, आता म्हणून राहिले की प्लग बदलून बघू पण प्लग वॉरंटीत येत नाही, पैसे लागतील. प्रश्न पैशांचा नाही फक्त, हे लोक कारण न शोधताच पार्ट माझ्या खिशातून बदलून राहिले. वॉरंटी पुस्तकात पाच वर्षं लिहिलं आहे. मग त्या पाच वर्षांचा उपयोग काय? कोणाला असा अनुभव आहे का, आणि पुढे काय करू?

सदरवाला
विकून टाक भाऊ. डोक्याला ताप नको. एक्स्चेंजमध्ये दे आणि दुसऱ्या कंपनीची घे.

मानेवाडा_ते_बुटीबोरी
@सदरवाला दादा, लोनवर आहे म्हणून आरसीवर बँकेचं नाव चढलेलं आहे, एनओसी शिवाय विकता येत नाही. आणि नवीन गाडी शोरूममधून निघाली की भाव लगेच पडतो, तो फरक मी कुठून भरू? शिवाय जो घेईल तो पण वर्धा रोडवर असाच उभा राहील, ते मला जमणार नाही.

उमरेडरोड_गॅरेज
भाऊ तुझं वाचलं. मी टू-व्हीलरचंच काम करतो, दिघोरीच्या पुढं गॅरेज आहे. गाडी पाहिल्याशिवाय ठाम सांगता येत नाही पण तू जे लक्षण लिहिलं ना ते बरंच काही सांगून रायलं.

गाडी बंद पडते तेव्हा हे पाहून ठेव, शोरूममध्ये नाही, तिथंच रस्त्यावर, सुरक्षित साइडला घेतल्यावर. पहिलं, मीटरचे लाइट आणि हॉर्न चालू आहे का? दोन्ही गेले असतील तर फ्यूज, बॅटरीचं टर्मिनल नाहीतर चावीचा स्विच पाहावा लागते. ते चालू असतील तर मग चावी बंद करून परत चालू कर आणि टाकीजवळ कान लाव, फ्युएल पंपचा सूं आवाज दोन-तीन सेकंद येते, तो येतो का पाहा. मग टाकीचं झाकण उघड, हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच चालू झाली तर झाकणाचा हवेचा रस्ता चोक आहे, फुकटचं काम आहे ते. साइड स्टँडचा स्विच पण पाहा, आजकालच्या गाड्यांत स्टँड खाली असला की इंजिन बंद होते, तो स्विच धुळीनं किंवा पाण्यानं खराब झाला तर चालत्या गाडीत बंद करते. पण त्याचा गरम-थंडशी संबंध नसते, तो खड्ड्यात, गचक्यात बंद करते.

मला जास्त शंका क्रँक सेन्सरची आहे, आमच्याकडं जुने मिस्त्री त्याले पल्सर कॉइल म्हणतात. इंजिनच्या मॅग्नेटजवळ बसते. आत केसाएवढ्या बारीक तारेचं वेटोळं असते. कुठं बारीक तुटलं असलं तर थंडीत जुळून राहते, इंजिन तापलं की तार फाकते आणि सिग्नल बंद. बीएस-६ गाडीत हा सिग्नल गेला की ईसीयूले, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरले, समजतच नाही पिस्टन कुठं आहे, मग तो स्पार्क पण बंद करते आणि पेट्रोल पण बंद करते. म्हणून मिसिंग न होता एकदम बंद. थंड झाली की तार परत चिकटली, गाडी चालू. पंप कमजोर असता तर आधी ओढ कमी झाली असती, झटके खाल्ले असते. आणि प्लग असता तर थंड झाल्यावर अशी साफ चालू झाली नसती.

आता सांग शोरूमवाले ट्रायल कधी घेतात आणि कुठं घेतात?

मानेवाडा_ते_बुटीबोरी
भाऊ हे कोणी सांगितलंच नव्हतं मला. ट्रायल सकाळी घेतात, शोरूमच्या मागच्या गल्लीतून एक चक्कर, फार तर दोन किलोमीटर. संध्याकाळी फोन येतो गाडी घेऊन जा.

उमरेडरोड_गॅरेज
तिथंच घोळ आहे. ताप उतरल्यावर पेशंटले डॉक्टरकडं नेल्यासारखं आहे ते. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागायचाच आहे, आत्ताच दुपारी ४५ च्या आसपास जाऊन रायलं, हीच वेळ आहे पकडायची, पावसाळा लागला की तुझी गाडी कदाचित बंदच पडणार नाही आणि ते म्हणतील पाहा आम्ही दुरुस्त करून दिली. मग पुढच्या एप्रिलात परत तेच.

अजून एक, माझ्याकडं आणू नको. म्हणजे बाकी कामाले आण पण या कामाले नको. बाहेर इंजिनचं कव्हर उघडलं, नट-बोल्टावर पान्याची खूण दिसली की वॉरंटी गेली म्हणतात. तू काही एक्स्ट्रा लाइट, मोबाइल चार्जर, अलार्म लावला का? वायरिंग कापलेली दिसली तर पहिला ठपका त्याच्यावर येते.

मानेवाडा_ते_बुटीबोरी
नाही, काहीच नाही लावलं. शोरूमनीच सीट कव्हर, लेगगार्ड आणि साडीगार्ड दिलं तेवढंच.

नंदनवनची_ताई
वायरिंगवरून आठवलं म्हणून लिहिते, सगळ्यांनी लक्षात ठेवा. आमच्या गाडीला शोरूमच्याच ॲक्सेसरी काउंटरवर डबल हॉर्न लावून दिला होता. नंतर बॅटरी उतरायला लागली तर त्याच शोरूमचा सर्व्हिसवाला म्हणे बाहेरून वायरिंग केली आहे, वॉरंटी नाही. माझ्या मिस्टरांनी ॲक्सेसरीचं बिल जपून ठेवलं होतं, त्यावर हॉर्न आणि फिटिंग चार्ज दोन्ही लिहिलेलं. ते टेबलावर ठेवलं तेव्हा बोलती बंद झाली. बॅटरीची वॉरंटी बॅटरी बनवणाऱ्या कंपनीची वेगळी असते आणि टायरची टायर कंपनीची, हेही तेव्हाच कळलं. त्यामुळे गाडीसोबत आलेला प्रत्येक कागद एका फाइलमध्ये लावून ठेवा, डिलिव्हरीच्या दिवशीच्या आनंदात आपण ते डिक्कीत कोंबतो.

@मानेवाडा, तुमच्याकडे प्रत्येक वेळचं जॉब कार्ड, म्हणजे गाडी देताना शोरूम तक्रार लिहून देते तो कागद, आहे का? आणि त्यावर काय लिहिलं आहे ते वाचा आणि इथे सांगा.

मानेवाडा_ते_बुटीबोरी
ताई आहेत, पण आत्ता तुम्ही म्हटल्यावर नीट वाचले. एकावर "जनरल चेकअप", एकावर "वॉशिंग, चेन ॲडजस्ट", एकावर "स्टार्टिंग प्रॉब्लेम". मी तर दर वेळी काउंटरवर सांगितलं होतं की गरम झाल्यावर चालत्या गाडीत बंद पडते. त्या पोरानी कॉम्प्युटरमध्ये त्याच्या मनानी टाकलं.

नंदनवनची_ताई
बघा, म्हणजे कंपनीच्या रेकॉर्डला तुमची ही तक्रार आलेलीच नाही. "स्टार्टिंग प्रॉब्लेम" आणि "चालत्या गाडीत बंद" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उद्या कोर्टात गेलात तरी ते हेच कागद दाखवतील.

धंतोलीचे_काका
वरच्या ताईंनी अगदी मुद्द्याचं सांगितलं आहे. मी बरीच वर्षं ग्राहक चळवळीत काम केलं आहे, वाहनांच्या तक्रारी पुष्कळ पाहिल्या, त्यातल्या निम्म्या केसेस गाडीच्या दोषावर न अडकता जॉब कार्डावर अडकतात. त्यामुळे आता पुढची पायरी अशी घ्या.

गाडी देताना सर्व्हिस ॲडव्हायझरला सांगा की तक्रार मी सांगतो त्याच शब्दांत टाइप करा, आणि टाइप केल्यावर स्क्रीन किंवा प्रिंट वाचल्याशिवाय सही करू नका. मजकूर असा ठेवा: "इंजिन २० ते २५ मिनिटं चालल्यानंतर चालत्या गाडीत अचानक बंद पडते, १५-२० मिनिटांनी थंड झाल्यावर सुरू होते, आधी दाखवूनही दोष कायम." त्यात किलोमीटर रीडिंग असलं पाहिजे. पुढे ओळ घाला, "गरम इंजिनावर दुपारी किमान ३० किमी ट्रायल, ग्राहकाच्या उपस्थितीत घ्यावी." ते म्हणतील सिस्टीममध्ये इतकं लिहिता येत नाही, तर प्रिंटवर पेनाने लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. तेही नाही म्हणाले तर तिथेच उभं राहून शोरूमच्या अधिकृत ईमेलवर हाच मजकूर पाठवा. गाडी त्यांच्या ताब्यात किती दिवस राहिली ते जॉब कार्डाच्या इन आणि आउट तारखेवरूनच सिद्ध होतं.

आणि एक लक्षात घ्या, वॉरंटी ही शोरूम तुमच्यावर करत असलेली मेहेरबानी नाही. वॉरंटी उत्पादक कंपनीने दिली आहे, डीलर तिच्या वतीने काम करतो आणि पार्टचा क्लेम कंपनीकडे टाकतो. पुष्कळदा डीलरला तो क्लेम मंजूर होईल की नाही याची खात्री नसते म्हणून तो टाळतो. त्याला कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर बोलवायला लावा, नाहीतर तुम्हीच कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करून बोलवा. फोनवर तक्रार केली तर तक्रार क्रमांक मागून घ्या, क्रमांक नाही तर तक्रार नाही.

हिंगणा_टीपॉइंट
काका हे सगळं ठीक आहे पण एवढं करायला वेळ कुठाय हो कामगार माणसाजवळ. मी तर म्हणतो चार पोरं घेऊन जायचं, शोरूमसमोर गाडी उभी करायची, हार घालायचा, व्हिडिओ काढून टाकायचा. दोन तासात मालक बाहेर येते. आमच्याकडं एकानी केलं, गाडी लगेच दुरुस्त करून दिली.

धंतोलीचे_काका
तुमचा राग समजतो. दुपारी बारा-एक वाजता वर्धा रोडवर गाडी ढकलणाऱ्या माणसाला राग येणारच. पण त्या व्हिडिओत एखादं वाक्य सिद्ध न करता येणारं गेलं तर तेच लोक अब्रूनुकसानीची नोटीस पाठवतात आणि मूळ विषय बाजूला पडतो. काउंटरवरच्या पोराला शिव्या घालून काही मिळत नाही, त्याच्या हातात क्लेम मंजूर करणं नसतं. व्हिडिओ काढायचाच तर गाडी बंद पडलेली असताना काढा, मीटर, तारीख-वेळ, रस्ता दिसेल असा, आणि तो कंपनीला पाठवा. तो पुरावा होतो.

उमरेडरोड_गॅरेज
काकांचं बरोबर आहे, व्हिडिओ मस्ट आहे. त्यात मीटरवरचा पिवळा इंजिनचा लाइट दिसला पाहिजे, पेटला आहे का ते. आणि शोरूममध्ये आधी स्कॅनर लावायले सांग, मग बाकी. काही गाड्यांत बॅटरीचं टर्मिनल काढलं की साठलेला बिघाडाचा कोड पुसला जातो, मग म्हणतात कोडच नाही. क्रँक सेन्सर असा अधूनमधून जातो तेव्हा कधी कोड येते, कधी येत नाही, म्हणून कोड नाही म्हणजे दोष नाही असं नसते.

प्रतापनगर_११०
पेट्रोलचं काय मग? मी ऐकलं ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे गाड्या बंद पडून राहिल्या. शोरूमवाले खरं पण सांगत असतील.

उमरेडरोड_गॅरेज
एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या ई-२० ले चालणाऱ्या मटेरियलच्याच आहेत, त्याच्या नवीन गाडीचं मॅन्युअल उघडलं तर लिहिलेलं सापडेल. इथेनॉल पाणी ओढून घेते हे खरं आहे, आणि पाणी जास्त झालं तर इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाले बसते, पंप तिथूनच ओढते. पण तसं असतं तर गाडी सकाळी थंडीत चालू करतानाच त्रास देईल, आणि रोज पंचवीस मिनिटांनीच बंद पडणार नाही. साधा उपाय, स्वच्छ काचेच्या बाटलीत टाकीतलं पेट्रोल काढून एक रात्र उभं ठेव, दोन थर दिसले तर पाणी आहे. शोरूमले सांग पेट्रोल खराब आहे तर जॉब कार्डावर तसं लिहून दे, नमुना काढून दाखव. लिहून देणार नाहीत.

प्रतापनगर_११०
बाटलीचं आजच करून बघतो.

धंतोलीचे_काका
पेट्रोल पंपावर शंका असेल तर फिल्टर पेपरची चाचणी आणि ५ लिटरचं माप मागण्याचा प्रत्येक ग्राहकाला हक्क आहे, फुकट. मागा, लाजू नका.

फुटाळा_डिलिव्हरी
माझा एक वेगळा प्रश्न. मी फूड डिलिव्हरी करतो, गाडी दिवसभर चालते. माझ्या गाडीचा पण पंपाचा प्रॉब्लेम आहे. शोरूमवाले म्हणतात तू कमर्शियल वापरतो, तुला वॉरंटी नाही आणि ग्राहक कोर्टात पण जाता येत नाही. खरं आहे का?

धंतोलीचे_काका
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॉरंटी पुस्तकात भाड्याने देणं किंवा व्यावसायिक वापर वगळला आहे का ते आधी शब्दशः वाचा, काही कंपन्या वगळतात. ते पान नसेल तर त्यांना लेखी विचारा की कोणत्या कलमाखाली नाकारता. पण ग्राहक आयोगात जाता येत नाही हे चुकीचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकाच्या व्याख्येतच स्पष्टीकरण आहे की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू ही व्यावसायिक कारणासाठी धरली जात नाही. तुम्ही स्वतः गाडी चालवून पोट भरता, चार गाड्या घेऊन माणसं ठेवलेली नाहीत. तुम्ही ग्राहकच आहात.

फुटाळा_डिलिव्हरी
थँक्यू काका. उद्या पुस्तक शोधतो.

मानेवाडा_ते_बुटीबोरी
काका आयोगाचं पण थोडं सांगा ना, म्हणजे वेळ आली तर. वकील लागतो का, किती पैसे लागतात? नागपुरातच होते का, कंपनीचं ऑफिस तर दुसऱ्या राज्यात आहे.

धंतोलीचे_काका
सांगतो, पण आधी बाकीच्या पायऱ्या करा.

पहिल्यांदा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५, टोल फ्री आहे, मराठीत बोलता येतं. ती आदेश देत नाही, पण तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते आणि पुष्कळ कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला उत्तर देतात. त्याने झालं तर उत्तमच.

नाही झालं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, आपल्याकडे सिव्हिल लाइन्समध्ये. २०१९ च्या कायद्याने मोठी सोय ही केली की तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथेच तक्रार दाखल करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी काहीच नाही. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोग ऐकतो, म्हणजे बाईकचा तर प्रश्नच नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत दाखल करायची. वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते, ऑनलाइन दाखल करण्याचीही सोय आहे. डीलर आणि उत्पादक कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर १५ वाढवून मिळतात. कायद्यात निकालाची मुदत ३ महिने, आणि तपासणी लागली तर ५ महिने लिहिली आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, हे सांगून ठेवतो म्हणजे नंतर निराशा नको.

अजून एक महत्त्वाचं. पुष्कळ लोक येतात आणि म्हणतात नवीन गाडीच द्या. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये एका कारच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं बंधन असेल आणि तो भाग बदलून काम होत असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून तुमची मागणी नीट लिहा: दोषी भाग विनाशुल्क बदला, ते शक्य नसेल तर गाडी बदला किंवा पैसे परत द्या, आणि झालेल्या त्रासाची भरपाई. उत्पादनातला दोष आहे हे दाखवायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आयोग स्वतः प्रयोगशाळेकडे किंवा तज्ज्ञाकडे तपासणीला पाठवू शकतो.

मी ज्या पिढीचा आहे त्या पिढीला हे काहीच नव्हतं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा ग्राहकाला वेगळा कायदाच नव्हता, तो २४ डिसेंबर १९८६ ला आला. त्यासाठी माणसं गावोगाव फिरली आहेत. म्हणून मला वाटतं, मिळालेला हक्क वापरावा.

नंदनवनची_ताई
काका कंपनीला पाठवायच्या ईमेलचा नमुना द्या ना, सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

धंतोलीचे_काका
घ्या.

"विषय: गाडी क्रमांक, चेसिस क्रमांक, इंजिन गरम झाल्यावर चालत्या गाडीत बंद पडण्याबाबत, वॉरंटीअंतर्गत दुरुस्तीची मागणी.
महोदय, वरील गाडी मी अमुक तारखेला आपल्या नागपूर येथील अधिकृत विक्रेत्याकडून घेतली. गाडी २० ते २५ मिनिटं चालल्यावर महामार्गावर अचानक बंद पडते. यामुळे माझ्या जिवाला धोका आहे. मी सोबतच्या जॉब कार्डांनुसार गाडी वारंवार दाखवली, दोष दूर झालेला नाही. गाडी बंद पडल्याचे व्हिडिओ सोबत आहेत. सर्व सर्व्हिस वेळेत केल्या आहेत, बाहेर कोणतंही काम केलेलं नाही. आपला सर्व्हिस इंजिनिअर पाठवून माझ्या उपस्थितीत गरम इंजिनावर तपासणी करावी आणि दोषी भाग विनाशुल्क बदलून द्यावा. ७ दिवसांत लेखी उत्तर द्यावं, अन्यथा मला ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागावी लागेल."

जिवाला धोका हे वाक्य काढू नका. कंपन्या सुरक्षेच्या तक्रारी वेगळ्या हाताळतात. मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ खाली सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आहे, १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत. एकाच मॉडेलच्या अशा तक्रारी जमल्या तर ते कंपनीला नको असतं.

हिंगणा_टीपॉइंट
हे भारी आहे काका. सेव्ह केलं.

मानेवाडा_ते_बुटीबोरी
अपडेट देतो, उशीर झाला, शिफ्ट बदलली होती.

गॅरेजवाल्या भाऊंनी सांगितलं तसं केलं. गाडी चिंचभवनच्या पुढे बंद पडली, मीटरचे लाइट चालू, हॉर्न चालू, पंपाचा आवाज येतो, झाकण उघडून काही फरक नाही, स्टँड वर. इंजिनचा लाइट पेटला होता पण गाडी चालू झाल्यावर थोड्या वेळानी गेला. सगळं व्हिडिओत घेतलं. मग शोरूमला जाऊन काकांचे शब्द टाइप करायला सांगितले. तो पोरगा म्हणे सर एवढं नाही बसत, मी म्हटलं मग पेनानी लिहू, त्यानी मॅनेजरला बोलावलं आणि मॅनेजरनी सही केली. खरं सांगू, भांडण झालंच नाही. त्याच संध्याकाळी कंपनीला ईमेल टाकला, सगळे जॉब कार्ड आणि व्हिडिओ जोडून, आणि १९१५ वर पण तक्रार टाकली.

कंपनीकडून फोन आला, मग त्यांचा इंजिनिअर आला. माणूस चांगला होता. दुपारीच बोलावलं होतं, तो स्वतः माझ्या मागे बसला, शोरूमपासून वर्धा रोडनी खापरीच्या पुढपर्यंत गेलो आणि परत येताना गाडी बंद पडली. त्यानी तिथेच छोटं मशीन जोडून बघितलं, क्रँक सेन्सरचा कोड होता. सेन्सरचं प्लग काढून मीटरनी रेझिस्टन्स बघितला, गरम असताना एकदम ओपन, म्हणजे आतली तार तुटल्यासारखी, थंड झाल्यावर परत रीडिंग बरोबर. माझ्यासमोर दाखवलं त्यानी.

पार्ट नागपुरात नव्हता, मागवला, आता बसवला आहे. पैसे शून्य. बिलावर पार्ट नंबर आणि वॉरंटी असं लिहून दिलं आहे. त्यानंतर रोज भर दुपारी बुटीबोरीवरून येतोय, एकदाही बंद पडली नाही. उमरेडरोड भाऊ, तुम्ही गाडी न पाहता सांगितलं ते तंतोतंत निघालं.

उमरेडरोड_गॅरेज
लय छान झालं भाऊ. जुना पार्ट कंपनीकडं परत जाते, तो मागू नको, पण नवीन पार्टचा फोटो आणि बिल ठेव. तिथं सेन्सरची वायर इंजिनच्या कव्हरमधून जिथून बाहेर येते तो रबर नीट बसला का पाहून घे, पावसाळ्यात तिथून पाणी जाऊ नये.

मानेवाडा_ते_बुटीबोरी
एक प्रश्न राहिला. शोरूमवाले म्हणून राहिले की तक्रार बंद करायची आहे, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा आणि समाधानी आहे असं लिहून द्या. आणि ज्या दिवशी गाडी शोरूममध्ये पडून होती त्या दिवशीचे माझे खाडे झाले, त्याचं काही मागता येते का?

धंतोलीचे_काका
ओटीपी लगेच देऊ नका. लिहून द्या, "सेन्सर बदलून गाडी ताब्यात मिळाली, दोष पुन्हा न आढळल्यास तक्रार बंद करण्यास हरकत नाही." यात खोटं काही नाही आणि तुमचा हक्कही जात नाही. "पूर्ण समाधान, कोणतीही मागणी नाही" अशा छापील मजकुरावर सही करू नका. खाड्यांचं म्हणाल तर कंपनीला लेखी मागा, हजेरीचा कागद जोडा. कंपनी रोख देईल अशी फार आशा ठेवू नका, पण त्याऐवजी वॉरंटीची मुदत वाढवून किंवा पुढच्या सर्व्हिसची मजुरी माफ करून मागितली तर पुष्कळदा देतात. तेवढ्यासाठी आयोगात जायचं का हे तुम्ही ठरवा, तुमच्याकडे कागद आता पक्के आहेत, २ वर्षं हातात आहेत.

मानेवाडा_ते_बुटीबोरी
पुढच्या सर्व्हिसची मजुरी मागतो, तेवढं मिळालं तरी चालेल. ओटीपी अजून दिला नाही.

गोधनी_नवीन
धागा पूर्ण वाचला. माझी गाडी पण तक्रारीत आहे, चेन स्प्रॉकेटमधून आवाज येतो, शोरूमवाले बघून राहिले नाही. दुसऱ्या फ्री सर्व्हिसची तारीख या आठवड्यात संपते. आवाज काढून देत नाही तोपर्यंत सर्व्हिस करायचीच नाही असं ठरवलं होतं. करू की नको?

नंदनवनची_ताई
करा, उद्याच करा. सर्व्हिस चुकली की वॉरंटी नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. मजुरी फ्री असते, ऑइलचे पैसे लागतात, तेवढे द्या. आणि त्याच जॉब कार्डावर आवाजाची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, किती स्पीडला येतो, कोणत्या गिअरला येतो, तेही. सही करायच्या आधी वाचा.

गोधनी_नवीन
ओके ताई. सकाळी उघडल्या उघडल्या जातो.